शवासन आणि पाण्याचं पिंप



आमच्या सोसायटीच्या गच्चीवर रोज सकाळी सहा ते सात योगाचा क्लास असतो. करंजाड्यात राहायला आल्यावर गुडघ्यांसाठी म्हणून मी तिथे जायला लागले, त्याला आता चार वर्षं झाली. आम्ही दहाबारा जणी असतो. हवा स्वच्छ असली की गच्चीवरून कर्नाळ्याचा सुळका दिसतो. शिकवणारी मुलगी माझ्या सुनेच्या वयाची आहे, पण अतिशय नेटकी. कोणाचा गुडघा, कोणाची मान, कोणाचं ब्लडप्रेशर, सगळं तिला पाठ असतं. या क्लासमुळे मी आज मंदिरात खुर्चीशिवाय बसू शकते, हे आधीच कृतज्ञतेने सांगते. पुढे जे लिहिणार आहे ते आसनांच्या विरोधात आहे असं कोणी समजू नये.

क्लासच्या शेवटी शवासन असतं. डोळे मिटायचे, अंग सैल सोडायचं, मन शांत करायचं. आमच्याकडे पाणी दिवसातून ठरावीक वेळच सोडतात आणि सकाळच्या पाण्याची वेळ नेमकी पावणेसातची. पाण्याची टाकी आमच्या गच्चीवरच. त्यामुळे आम्ही शवासनात पडलो की पाच मिनिटांत वॉचमन येतो, व्हॉल्व्ह फिरवतो आणि पाइपातून पाणी उतरल्याचा घळघळ आवाज होतो. माझा फोन मॅटच्या कडेला उजव्या हाताशी ठेवलेला असायचा. आवाज झाला की डोळे न उघडता आमच्या ह्यांना एक मिस्ड कॉल द्यायचा. मग हे दुसऱ्या मजल्यावर मोरीत जाऊन पिंपात नळी सोडणार. किती तरी महिने मी हे असंच केलं. शवासनही साधायचं आणि पाणीही, याचा मला थोडा अभिमानच होता.

हे सगळं आज का सांगते आहे, तर ‘योग म्हणजे फक्त आसनं नव्हेत’ हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलं आहे की ते आता कानावरून नुसतं जातं. ते खरं असेल तर त्याचा आपल्या घरात, आपल्या मोरीत नेमका अर्थ काय, हे मला गेल्या उन्हाळ्यात कळलं.

दोनशे सूत्रांत आसनाला तीन

मी शिकले बी.कॉम., १९८२ साली, सांगलीला. तत्त्वज्ञान हा माझा विषय नाही. पण आकडे बघायची सवय हाडात मुरली आहे, म्हणून आकड्यांपासून सुरुवात करते.

पतंजलींच्या योगसूत्रांत साधारण दोनशे सूत्रं आहेत. कोणी १९५ मोजतात, कोणी १९६. त्यांत प्रत्यक्ष आसनाबद्दलची सूत्रं फक्त तीन. त्यांतही एकाही आसनाचं नाव नाही. बसणं स्थिर असावं, सुखाचं असावं, एवढंच मुख्य सांगणं. योगाची अंगं आठ आणि आसन त्यांतलं तिसरं. पहिलं अंग यम, दुसरं नियम. यम पाच: अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह.

ही पाच नावं वाचल्यावर आपल्यापैकी प्रत्येकीला वाटेल, अरे, ही तर आपली व्रतं! बरोबरच आहे. मुनींची पाच महाव्रतं हीच आणि आपण श्रावक-श्राविकांनी मर्यादेत पाळायची अणुव्रतंही हीच. इतकंच नव्हे, हे यम जात, देश, काळ असली कोणतीही सवलत न घेता पाळले तर त्यांना पतंजलीसुद्धा ‘महाव्रत’ हाच शब्द वापरतात.

आपल्या महाराष्ट्रात ज्यांनी योग सर्वसामान्यांपर्यंत आणला त्यांना हा क्रम चांगला ठाऊक होता. श्रीयोगेंद्रांनी १९१८ साली वर्सोव्याला योग शिकवायला सुरुवात केली, त्यांची संस्था आज सांताक्रूझला आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला आश्रम काढला. त्यांनी आसनांचा आणि श्वसनाच्या क्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो हे प्रयोगशाळेत, क्ष-किरणांनी तपासून बघितलं. एवढं शरीराचं काम करूनही त्यांनी आश्रमाचं नाव ‘कैवल्यधाम’ ठेवलं. कैवल्य हे योगसूत्रांच्या चौथ्या, शेवटच्या पादाचं नाव. आपल्या ‘केवलज्ञान’ आणि ‘केवली’ या शब्दांतही तोच ‘केवल’ आहे. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांचं १९६६ सालचं इंग्रजी पुस्तक शेकडो आसनांच्या छायाचित्रांसाठी जगभर गाजलं. पण पुस्तक उघडलं की आसनांच्या आधी प्रस्तावनेत यम-नियमांचंच विवेचन लागतं. आपण ती पानं उलटून थेट चित्रांकडे जातो, हा आपला दोष.

२१ जूनला तर सगळीकडे चित्रंच असतात. संयुक्त राष्ट्रांनी २०१४ च्या डिसेंबरमध्ये हा दिवस ठरवला, २०१५ पासून तो साजरा होतो. आमच्या सोसायटीतही बॅनर लागतो, फोटो निघतात. मी एकदा आमच्या शिक्षिकेला विचारलं, “अगं, तू आम्हाला यम-नियम कधी शिकवणार?” ती हसून म्हणाली, “काकू, परीक्षेला होते ते मला. क्लासमध्ये कोणी विचारतच नाही.” तिचं काय चुकलं? आम्ही मागतो गुडघे, ती देते गुडघे.

आपल्याकडे ‘योग’ म्हणजे काय

दशलक्षण पर्वात आपण तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय वाचतो, दहा दिवसांत दहा. सहाव्या दिवशी सहावा अध्याय येतो आणि तो ‘योग’ या शब्दाच्या व्याख्येनेच सुरू होतो. लहानपणापासून मी तो वाचत आले, पण क्लासला जायला लागेपर्यंत अडखळले नव्हते. कारण तिथे योगाचा अर्थ शांत होणं असा नाहीच. शरीर, वाणी आणि मन यांची जी हालचाल चालू असते तिला आचार्य उमास्वामींनी योग म्हटलं आहे आणि तीच कर्म आत येण्याची वाट, म्हणजे आस्रव.

माझ्या कॉमर्सच्या भाषेत सांगायचं तर दुकानाचं शटर दिवसभर उघडं आहे आणि माल आत येतोच आहे. चांगलाही येतो, वाईटही येतो. शटर ओढणं म्हणजे संवर. आधीचा साठा खाली करणं म्हणजे निर्जरा. तेराव्या गुणस्थानातले केवली भगवानही ‘सयोग’ असतात, कारण शरीर आणि वाणीची हालचाल अजून आहे. चौदाव्याला तीही थांबते तेव्हा ते ‘अयोग’ होतात. म्हणजे जग म्हणतं योग साधा आणि आपली वाट शेवटी अयोगाकडे जाते.

शब्दांचा हा फरक बघून घाबरायचं कारण नाही. पतंजली चित्ताच्या वृत्ती थांबवायला सांगतात, आपले आचार्य मन-वचन-कायेची गुप्ती सांगतात. दिशा जवळचीच आहे. पुढे आठव्या शतकात आचार्य हरिभद्रांनी तर योगावर चार ग्रंथ लिहिले आणि जे जे मोक्षाशी जोडतं ते सगळं धर्माचरण योगच, असा मोठा अर्थ दिला. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी गुजरातच्या कुमारपाल राजासाठी योगशास्त्र लिहिलं. त्याचे बारा प्रकाश आहेत. आसनं येतात चौथ्या प्रकाशाच्या शेवटाकडे. त्याआधी सम्यग्दर्शन, व्रतं, श्रावकाची दिनचर्या, कषायांवर जय. हे दोघेही श्वेतांबर आचार्य, मी दिगंबर घरातली. पण स्वाध्यायाला बसताना पंथ दाराशी ठेवावा असं माझ्या सासूबाई म्हणायच्या.

दोन्हीकडे सगळं एकच आहे असंही मी म्हणणार नाही. पतंजलींच्या नियमांत ईश्वरप्रणिधान आहे. आपण जगाचा कर्ता किंवा कृपा करणारा ईश्वर मानत नाही; अरिहंत-सिद्धांपुढे हात जोडतो ते त्यांच्यासारखं होण्यासाठी. शिवाय आपल्याकडे आत्मा स्वतःच्या कर्माचा कर्ता आणि भोक्ता आहे. म्हणून ‘मी नुसती साक्षी आहे’ असं म्हणून जैन बाईला सुटता येत नाही. पिंप मीच भरलं, तर त्याचं कर्मही माझंच.

सातवा मजला

आता त्या पिंपाची गोष्ट.

क्लासला माझ्या शेजारच्या मॅटवर सातव्या मजल्यावरची एक मुलगी असायची. तिशी-बत्तिशीची, नोकरी करणारी, पदरात चार वर्षांचा मुलगा. मे महिन्यात ती आठवडाभर दिसली नाही. मला वाटलं, आजारीबिजारी आहे की काय. म्हणून एका रविवारी नाचणीचे लाडू घेऊन वर गेले.

दार उघडलं तर घरात रिकाम्या बादल्या रांगेत मांडलेल्या. सिंकमध्ये आदल्या रात्रीची भांडी. कोपऱ्यात पाण्याचे विकत आणलेले दोन जार. म्हणाली, “काकू, क्लासला कशी येऊ? त्याच वेळेला पाणी येतं आणि आमच्याकडे दहा मिनिटांत नळ बारीक होतो. तेवढ्यात जे मिळेल ते भरायचं.” टाकी तिच्या डोक्यावर, आणि पाणी तिलाच सगळ्यांत कमी! मग लक्षात आलं, टाकीच्या लगेच खाली असल्यामुळे तिच्या नळाला जोरच नसतो. खालचे सगळे नळ एकदम सुटले की पाणी सरळ खाली धावतं. तिने कोणाचंही नाव घेतलं नाही. “खाली सगळे भरतात ना,” एवढंच म्हणाली आणि चहा टाकू लागली. मी नको म्हटलं. त्या घरात एक कप चहाचं पाणीसुद्धा मला जड वाटलं.

खाली आले आणि मोरीत गेले. दोन मोठी पिंपं, चार बादल्या, वर माळ्यावर एक टाकी. सगळं काठोकाठ. घरात माणसं दोन. मुलगा-सून पुण्याला.

मैत्रिणींनो, खरी लाज याच्या पुढे आहे. मी रोज सकाळी काय करत असे? आदल्या दिवशीचं पाणी शिळं म्हणून मोरीत ओतून द्यायचं आणि पिंप घासून ताजं भरायचं. आपल्या किती घरांत हे चालतं ते मला ठाऊक आहे. मी तर त्याला धर्माचा आधारही दिला होता. गाळलेल्या पाण्याची मर्यादा दोन घडी, मग रात्रभराचं पाणी कसं वापरायचं? पिण्याच्या पाण्याचा नियम मी धुण्याभांड्याच्या पाण्याला लावला, कारण तो मला सोयीचा होता. पाण्याच्या थेंबात जलकायिक जीव आहेत म्हणून पाणी तुपासारखं वापरा, असं लहानपणी आई सांगायची. तो नियम मी विसरले, कारण तो गैरसोयीचा होता.

त्या दिवशी सकाळीसुद्धा मी अर्धं पिंप ओतलं होतं. वर ती नळाखाली बादली धरून उभी होती तेव्हाच.

ध्यान तर लागलंच होतं

त्या संध्याकाळी सामायिकाला बसले. ४८ मिनिटं. एरवी मी घड्याळाकडे बघत नाही असं म्हणायला आवडलं असतं, पण बघते. त्या दिवशी मात्र वेगळंच झालं. मला शवासन आठवत राहिलं.

क्लासमध्ये ‘ध्यान’ हा शब्द नेहमी चांगल्या अर्थानेच येतो. आपल्या शास्त्रात तसं नाही. एका गोष्टीवर मन खिळणं म्हणजे ध्यान, आणि ते चार प्रकारचं: आर्त, रौद्र, धर्म्य, शुक्ल. पहिली दोन संसार वाढवणारी. रौद्रध्यानाची जी चार कारणं सांगितली आहेत त्यांत हिंसा, असत्य, चोरी यांच्याबरोबर चौथं आहे विषयसंरक्षण, म्हणजे मिळवलेलं राखून ठेवण्याची धडपड. हे मी शंभरदा वाचलं असेल. रौद्र म्हटलं की डोळ्यांपुढे कोणी तरी तलवार घेतलेला यायचा. मिस्ड कॉल देणारी, योगा पँट घातलेली साठीतली बाई कधी आली नव्हती.

गच्चीवर मी ध्यानातच होते. अगदी एकाग्र होते. फक्त ते पिंपाचं ध्यान होतं.

मग मला दुसरी एक गोष्ट सुचली, ती तुमच्यापुढे ठेवते. आपल्याकडे तपाचे बारा प्रकार आहेत, सहा बाह्य आणि सहा अंतरंग. बाह्य तपांत अनशनापासून सुरुवात होते आणि सहावा प्रकार येतो कायक्लेश. शरीराला विशिष्ट आसनात स्थिर ठेवणं त्यातच मोडतं. म्हणजे क्लासमध्ये आम्ही जे करतो ते, भाव चांगला असेल तर, फार तर तिथे बसेल. अंतरंग तपांत शेवटचं नाव ध्यान. मधे काय आहे? प्रायश्चित्त, विनय, वैयावृत्त्य, स्वाध्याय, व्युत्सर्ग. ही यादी पायऱ्या म्हणून सांगितलेली नाही, हे मला माहीत आहे. तरी मला तिचा क्रम फार बोलका वाटला. आपल्याला आसनावरून थेट ध्यानात उडी घ्यायची असते. मधे आधी स्वतःची चूक कबूल करणं आहे, मग नम्रपणा आहे, मग दुसऱ्याची सेवा आहे, अभ्यास आहे, सोडून देणं आहे. पतंजलींकडेही आसन आणि ध्यान यांच्या मधे प्राणायाम, प्रत्याहार, धारणा आहेत आणि आसनाच्या खाली यम-नियमांचा पाया आहे. पाया न घालता गच्ची बांधता येत नाही, हे करंजाड्यासारख्या रोज नवी इमारत उठणाऱ्या गावात राहून तरी मला कळायला हवं होतं.

प्रायश्चित्त

दुसऱ्या दिवशी मी परत सातव्या मजल्यावर गेले. आदल्या भाद्रपदात क्षमावाणीला मी तिलाही ‘उत्तम क्षमा’ असं लिहिलेलं फुलांचं चित्र पाठवलं होतं. मला कोणीतरी पाठवलं, मी तेच सव्वाशे जणांना पुढे पाठवलं. क्षमा कशाबद्दल मागते आहे, हे ना मला माहीत होतं ना तिला.

या वेळी तोंडाने सांगितलं. “अगं, तुझ्या वाटचं पाणी मी रोज मोरीत ओतत होते. मला माफ कर.” हे बोलायला मला लिफ्टमध्ये दोनदा वरखाली करावं लागलं. ती अवघडली. म्हणाली, “काकू, तुम्ही एकट्याच थोड्याच आहात? सगळेच करतात.” मला वाटलं होतं बोलून हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही. ‘सगळेच करतात’ हे ऐकून तर जास्तच लागलं. मी स्वतःला निदान सगळ्यांपेक्षा जरा वेगळी समजत होते ना! रात्री जेवत नाही, कंदमूळ खात नाही, पाणी गाळून पिते.

घरी येऊन एक वही काढली. तीन वर्षांपूर्वी उत्तम आकिंचन्याच्या दिवशी मी परिग्रह-परिमाणाचा नियम घेतला होता. साड्या इतक्या, दागिने इतके, भांडी इतकी, बँकेतल्या ठेवी इतक्या. ताळेबंदासारखा व्यवस्थित तक्ता केला होता. त्यात पाण्याचा रकाना नव्हता. ज्याला किंमत नाही असं वाटत होतं ते मोजायचं सुचलंच नव्हतं. आता एक ओळ वाढवली: पाणी, एक पिंप आणि दोन बादल्या. शिळं पाणी ओतायचं नाही, तेच फरशी आणि भांड्यांना. दुसरं पिंप धुऊन भंगारवाल्याला दिलं. आमचे हे दोन दिवस कुरकुरले, मग गप्प झाले.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी एवढंच सुचवलं की पाणी सोडल्यावर पहिली पंधरा मिनिटं तिसऱ्या मजल्यापर्यंतच्या लोकांनी नळ उघडू नयेत. चार जण हो म्हणाले. दोघांनी ऐकून घेतलं. एक जण म्हणाले, “आम्ही मेंटेनन्स सारखाच भरतो.” तेही खोटं नाही. परिस्थिती थोडी सुधारली आहे, पूर्ण नाही. मूळ दुखणं पाणीच कमी येण्याचं आहे, ते काय माझ्या एका पिंपाने मिटणार नाही. पण वरच्या नळाला आता वीसेक मिनिटं पाणी येतं आणि ती मुलगी पुन्हा क्लासला येऊ लागली आहे.

जे ऐकत नाहीत त्यांचा मला आधी फार राग यायचा. मग आठवलं, आपल्या चार भावनांत सर्व जीवांशी मैत्री, गुणवानांबद्दल प्रमोद, दुःखितांबद्दल कारुण्य आहे आणि जे ऐकायलाच तयार नाहीत त्यांच्याबद्दल माध्यस्थ्य आहे. पतंजलींनीही मन प्रसन्न ठेवायला जवळजवळ याच चार गोष्टी सांगितल्या आहेत. पहिल्या तीन मला बऱ्या जमतात. चौथीसाठी मला रोज जिन्यात सराव करावा लागतो.

दोन आक्षेप

मंदिरात हे बोलले तेव्हा दोन प्रकारची उत्तरं मिळाली. एक मावशी म्हणाल्या, “योगाबिगाच्या नादी आपण लागूच नये, ते आपलं नव्हे.” मावशींना मी एवढंच म्हटलं, आपल्या तीर्थंकरांच्या मूर्ती बघा. दोनच स्थिती, पद्मासन आणि खड्गासन. एक बसून, एक उभं राहून. कुंभोजच्या बाहुबलींपुढे आपण मान वर करून उभ्या राहतो ते कायोत्सर्गाच्याच दर्शनाला. स्थिर शरीर आपल्याला परकं कसं असेल? गुडघे दुखतात म्हणून सामायिक चुकवण्यापेक्षा गुडघे बरे करून सामायिकाला बसलेलं चांगलं.

दुसरं उत्तर जास्त गोड होतं आणि मला तेच जास्त धोक्याचं वाटतं. “हे सगळं आपल्याकडे आधीपासूनच आहे. आपल्याला योग शिकायची गरजच काय?” मैत्रिणींनो, आहे ते पोथीत आहे. माझ्या घरी तत्त्वार्थसूत्र होतं आणि पिंपंही दोन होती. शेजारच्या मॅटवरच्या बाईला अपरिग्रह हा शब्द माहीत नव्हता आणि ती चार बादल्यांत घर चालवत होती. मला शब्दही माहीत होता आणि त्याचे अतिचारही.

म्हणून माझं मत असं झालं आहे की योगाचं तत्त्वज्ञान आपण वेगळं शिकायला जायची तितकी गरज नाही, पण क्लासमधला तो एक तास आपल्या व्रतांशी जोडायची फार गरज आहे. नाही तर आसन हा व्यायाम राहतो आणि सामायिक हे घड्याळ.

मी स्वतः आता जे करते ते सांगते. जमलं तर बघा.

मॅटवर बसण्याआधी एक मिनिट पाच व्रतांपैकी कालचं कोणतं मोडलं ते आठवते. एकच, सगळी नाही.

सामायिकाचे पाच अतिचार आपल्याला पाठ आहेत: मनाचा, वाणीचा, शरीराचा चुकीचा वापर, अनादर आणि विस्मरण. त्यांतले पहिले तीन म्हणजे आपलेच तीन ‘योग’. तेच मी शवासनालाही लावते. फोन आता घरी ठेवून जाते.

परिमाणाच्या वहीत अशी एक वस्तू घातली आहे जिची टंचाई मला नाही, शेजारणीला आहे. तुमच्याकडे ती पाणी नसेल. पार्किंगची जागा असेल, कामवाल्या बाईचा वेळ असेल, सुनेची सुट्टी असेल.

आणि आमच्या शिक्षिकेला विनंती केली की सोमवारी पहिली पाच मिनिटं एका यमावर बोल. ती बोलते. अहिंसेच्या सोमवारी सगळ्या जणी माना डोलावत होत्या. अस्तेयाच्या सोमवारीही. अपरिग्रहाच्या सोमवारी पाइपातून घळघळ आवाज झाला नव्हता तरी दोघीतिघींनी टाकीकडे बघितलं.

शवासनात अजून माझं मन लागत नाही, खोटं कशाला सांगू? आवाज आला की उजवा हात आपोआप मॅटच्या कडेला जातो. तिथे फोन नसतो. मग शेजारच्या मॅटकडे लक्ष जातं. ती मुलगी पहिल्या घळघळीलाच उठून खाली पळते. पंधरा मिनिटं तिची. मी पडून राहते आणि तेवढा वेळ काहीच भरत नाही.

तुमच्या घरात किती पिंपं आहेत, आज मोजून बघा.

जय जिनेंद्र.